कोरियन शिकायचंय? मग मधली इंग्रजी काढून टाका

रांजणगावच्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे आणि शनिवारी पुण्यात नवशिक्यांची बॅच घेते. पहिल्याच तासाला बजावते, रोमन लिपीत उच्चार लिहायचे नाहीत. देवनागरीत चालतील, पण आठवडाभरच. राजा सेजोंगने 1446 साली जाहीर केलेली हंगुल लिपी तेवढ्यात हाताखाली येते. 14 मूळ व्यंजनं, 10 मूळ स्वर, आणि व्यंजन-स्वर एका चौकटीत बसवून केलेलं अक्षर.

मग थेट वाक्य घ्या. ‘चॉनुन चिबेसॉ पाबुल मॉगॉयो’, म्हणजे मी घरी भात खाते. शब्दाखाली शब्द लिहून बघा, क्रम आपलाच. ‘चिप’ म्हणजे घर, त्याला ‘एसॉ’ लागलं की घरात. ‘पाप’ म्हणजे भात, ‘उल’ हा कर्माचा प्रत्यय. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. तुम्ही विभक्ती म्हणा आणि पुढे चला.

पण ‘पाप’चं ‘पाबुल’ कसं झालं? शाळेत वाक् + ईश = वागीश केलंय ना, तेच. शेवटच्या ‘प’पुढे स्वर आला की त्याचा ‘ब’ होतो. फरक इतकाच की हा बदल फक्त बोलण्यात, लिहिताना अक्षर तेच राहतं. ऐकलेलं आणि वाचलेलं जुळेना, की आधी संधी शोधायचा.

खरा घाम उच्चारांत निघतो. ‘पुल’ म्हणजे आग, ‘फुल’ म्हणजे गवत (फ ओठ मिटूनच, फळातला), आणि ‘प्पुल’ म्हणजे शिंग. आपला रोजचा ‘प’ तिसऱ्याच्या जवळचा. पहिल्या दोघांत गोंधळ होतो. सोलची तरुण मंडळी ‘पुल’ खालच्या सुरात सुरू करतात, ‘फुल’ वरच्या. रेकॉर्डिंग ऐकून मागोमाग म्हणा, दुसरा उपाय नाही.

आकड्यांचे दोन संच आहेत, दोन्ही पाठ करावे लागतात. सव्वातीन म्हणजे ‘से शी शिबो बुन’: तास देशी आकड्यात, मिनिटं चिनी वळणाच्या.

मालिका बघून आलेली मुलं सगळ्यांशी ‘पानमाल’ बोलतात, म्हणजे अरे-तुरे. ते मित्रांत. बाकी सगळीकडे क्रियापदाच्या शेवटी निदान ‘यो’ हवाच. साहेबांना नावाने हाक मारायची नाही. पदाला ‘निम’ जोडायचं, विभागप्रमुख असतील तर ‘पुजांगनिम’. पहिल्या भेटीत वय विचारलं तर रागावू नका, कसं बोलायचं ते त्यावरून ठरतं. कागद देताना-घेताना दोन्ही हात. जेवताना मोठ्यांनी चमचा उचलल्यावर आपण, आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मृतांच्या नैवेद्याला करतात.

परीक्षा द्यायची तर टॉपिक-1, म्हणजे कोरियन भाषेच्या ‘टॉपिक’ परीक्षेचा नवशिक्यांसाठीचा टप्पा. 200 गुणांची, 80 ला पहिली पातळी, 140 ला दुसरी. तिच्यात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, म्हणून बोलायचा सराव वेगळा ठेवा. सुरुवात ‘पाप मॉगॉस्सॉयो?’ने करा. तिकडेही ओळखीचं माणूस भेटलं की जेवलात का, असंच विचारतात.