यजमानांच्या घरी पहिल्याच संध्याकाळी काय विचाराल?

व्यावसायिक आदानप्रदानासाठी परदेशी गेलात की दिवस कामाच्या ठिकाणी जातो, पण त्या देशाची खरी ओळख होते ती यजमानांच्या घरी. रोटरी या सेवासंस्थेच्या १९६५ साली सुरू झालेल्या ग्रुप स्टडी एक्स्चेंज या अशाच आदानप्रदानाच्या कार्यक्रमात पाहुणे चार ते सहा आठवड्यांत एकामागून एक अनेक घरांत राहत. दर घराची रीत वेगळी.

म्हणून सामान ठेवल्याठेवल्या विचारून घ्या: सकाळी बाथरूम कोण कधी वापरतं, जेवणाची वेळ काय, दाराची किल्ली कुठे ठेवायची, कपडे कधी धुवायचे. संकोच अजिबात नको. विचारलेलं यजमानांना आवडतंच. न्हाणीघर तर प्रत्यक्ष दाखवायला सांगा. पुष्कळ देशांत शॉवरच्या बाहेरच्या जमिनीला मोरीच नसते. पडद्याचं टोक टबच्या आत सोडायचं राहिलं, की पाणी थेट खोलीत. आणि गरम-गार पाण्याचा एकच नळ असेल तर तो कसा फिरवायचा तेही पाहून ठेवा.

काय खात नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे मात्र निघण्यापूर्वीच कळवा. ताटावर बसल्यावर सांगितलं तर स्वयंपाक करणाऱ्याला फार वाईट वाटतं.

दिवसभराच्या भेटीगाठींनी थकवा येतोच. गुपचूप खोलीत जाऊन दार लावू नका. “तासभर टिपणं लिहितो, मग येतो,” एवढं सांगून जा आणि ठरल्या वेळी बाहेर या. निघायच्या आदल्या दिवशी चादरी, टॉवेल कुठे ठेवायचे ते विचारा.