पायातली कुरकुर आणि टाचेवरचे स्क्रू (माझा अनुभव)
माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, चार वर्षांपासून जयपूर फूट (रबरी पावलाचा कृत्रिम पाय) घालतो. यंदा पावसाळ्यात नागपुरात महालातून बर्डीपर्यंत चालताना घोट्याजवळ कुर्र कुर्र आवाज येऊन राहिला होता. आधी चपलेवर संशय, चप्पल बदलली तरी तेच. मग वाटलं सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती खोबण, सैल झालं, कारण स्टंप (पायाचा उरलेला भाग) वाळतो हळूहळू, म्हणून एक मोजा जास्त चढवला, पाय घट्ट बसला पण आवाज काही गेला नाही.

शेवटी पाय काढून मांडीवर घेतला, उलटा केला. वरचा भाग एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपचा, खाली रबरी पाऊल, त्याच्या आत लाकडी ठोकळा आणि पाइप त्याला स्क्रूने जोडलेला असतो. दोन स्क्रू गंजलेले, तिसरा बोटानेच फिरून राहिला होता. पिळला, आवळला, दोन दिवसांत पुन्हा सैल. लाकडातलं भोकच मोठं झालं होतं ना, मग स्क्रू धरणार कशाला? काहून उगाच फेविक्विक घातलं असं झालं, ते घालू नका.

जयपूर फूट केंद्रातल्या दादांनी फक्त पाऊल बदललं, सॉकेट तेच ठेवलं, तासाभरात चालत घरी आलो. हा पाय १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर पी. के. सेठींनी बनवला, चिखलात, अनवाणी चालता यावं म्हणून, पण भिजला की पुसून सावलीत वाळवाच. जुनं पाऊल फेकलं नाही, केंद्रातच दिलं, पट्टा आणि बकल मात्र धुऊन ठेवलेत.