हंगामात स्वतःला कसे जपावे: गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी

एका वर्षी गणपतीच्या दहा दिवसांत मी चौदा कार्यक्रम वाजवले आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. मी हार्मोनियम वाजवतो. डावा हात भात्यावर, उजवा पट्टीवर आणि मान सतत गायकाकडे वळलेली. फिजिओथेरपिस्टने विचारले, "दुखायला कधी लागलं?" मला सांगता येईना. गायकाचा निषाद केसभर उतरला तरी मला ऐकू येतो, पण स्वतःच्या खांद्यात काय चालले आहे ते कित्येक महिने कळले नव्हते. तेव्हापासून मी जे करत आलो ते इथे क्रमाने लिहितो. गायक, तबलजी, ऑर्केस्ट्रातले वादक, ढोलपथकातली मुले, ज्यांचे पोट किंवा जीव वाजवण्यावर आहे, त्या सगळ्यांसाठी.

१. दिवसाची सुरुवात ऐकण्याने करा

सकाळी रियाजाआधी दहा मिनिटे नुसता तानपुरा लावून बसा. गाऊ नका, पेटी उघडू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खरा तानपुरा असेल तर उत्तमच. नसेल तर इलेक्ट्रॉनिक चालेल, पण स्पीकर बरा हवा.

आधी एकेक तार ओळखा: पंचम, जोडाच्या दोन तारा (मधला षड्ज), मग खर्ज (खालचा षड्ज). आता खर्ज छेडल्यावर तो विरेपर्यंत त्याच्या मागे जा. वाद्य नीट मिळलेले असेल आणि जवारी (घोडीवर तारेला मिळणारी झणकार) खुली असेल तर त्यात गांधार ऐकू येतो. एकही तार गांधाराला लावलेली नसते, तरी तो असतो, कारण खर्जाच्या नादातच त्याचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा सूक्ष्म स्वर, दडलेला असतो. म्हणूनच त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो सापडला की धरून ठेवा. मन संध्याकाळच्या कार्यक्रमाकडे, अडकलेल्या मानधनाकडे, कालच्या चुकलेल्या तिहाईकडे जाईल. गेले की परत खर्जावर या. पहिल्या दिवशी मला सलग चार आवर्तनेही टिकता आले नाही. त्याची खंत करू नका. परत येणे हाच इथला सराव आहे.

शेवटची दोन मिनिटे तोच कान शरीराकडे वळवा. जबडा आवळलेला आहे का? खांदे वर चढलेत का? मनगट, अंगठ्याचे मूळ, कंबर, गुडघे? काही सुधारू नका, फक्त नोंद घ्या. माझी दुखणी आता मला पहिल्या आठवड्यात कळतात, ती इथेच.

२. वाद्य मिळवता, तसे अंगही मिळवा

तबलजी हातोडी घेऊन तबल्याच्या कडेच्या प्रत्येक घरात (भागात) स्वर मिळवल्याशिवाय थाप मारत नाही. मग थंड मनगटाने थेट रेला, म्हणजे जलद बोलांची सलग रांग, का काढायचा? आधी पाच मिनिटे खांदे गोल फिरवा, मनगटे सैल सोडा, बोटे उघडा-मिटा आणि विलंबित ठेक्यापासून वर चढा. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चाला. मांडी घालून बसण्यासाठी गादीच्या मागच्या कडेखाली घडी केलेली सतरंजी घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहिली की पाठ आपोआप सरळ होते. पेटीवाल्यांनी पेटीच जरा गायकाच्या दिशेने तिरकी ठेवावी, म्हणजे सगळा पीळ मानेवर येत नाही. वाजवताना मुंग्या आल्या, बोट बधिर झाले किंवा विश्रांतीनंतरही दुखणे राहिले, तर बाम लावून पुढच्या कार्यक्रमाला जाऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

३. गळ्याचे थोडक्यात

बोलतानाही स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात. दिवसभर घोट घोट पाणी प्या, कारण ऐन वेळी प्यालेले पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते शरीरातूनच पोहोचावे लागते. घसा जोरात खाकरू नका, घोट गिळा. गळा बसलेला असताना कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. त्यापेक्षा गप्प राहा. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतू तपासून घ्या.

४. कान

याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा थांबतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, असे साधारण मानले जाते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटे. ढोल-ताशाच्या पथकात, ड्रमसेटच्या शेजारी किंवा मोठ्या मॉनिटरसमोर शंभरी सहज ओलांडली जाते, आणि आपण तिथे तासन् तास उभे असतो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत.

म्हणून संगीतकारांसाठी बनवलेले इअरप्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखाच कमी करतात, त्यामुळे सूर कळतो. कापसाचा बोळा पुरत नाही. साउंड चेकला मॉनिटर वाढवायला सांगण्याआधी शेजारचा कमी करून मिळतो का ते विचारा. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली, तर दुसरा दिवस शांततेत काढा, आणि असे वारंवार होत असेल तर श्रवणचाचणी करा. पथकातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांनी सांगायला हवे. ती स्वतःहून विचारणार नाहीत.

५. पडदा उघडण्याआधी: झपतालाचा श्वास

ग्रीनरूममध्ये छाती धडधडू लागली की मोजायला सोपा असा हा उपाय करा. एका सेकंदाला एक मात्रा अशी लय धरून मनात झपताल लावा. समेपासून (पहिल्या मात्रेपासून) पाच मात्रा नाकाने श्वास आत, खालीपासून (सहाव्या मात्रेपासून) पाच मात्रा बाहेर. मिनिटाला सहा आवर्तने, म्हणजे सहाच श्वास. एवढ्या संथ श्वासाने हृदयाची गती निवळते. पाच मिनिटे पुरतात. श्वास कोंडू नका, ओढून ताणून भरू नका. गरगरले तर सोडून द्या. हात थरथरणे मात्र पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. माझे अजून थरथरतात आणि पहिल्या आलापाबरोबर थांबतात.

६. संपल्यानंतरचे दोन तास

अंगात मैफल चढलेली असते, झोप येत नाही, भूक कडकडून लागते. रात्री बाराला ढाब्यावरची तिखट रस्सेदार थाळी खाऊन गाडीत आडवे झाले, की आम्ल वर येते आणि सकाळी गायकाचा आवाज जड होतो. कार्यक्रमाआधी चारच्या सुमारास नीट जेवा आणि नंतर दहीभात किंवा खिचडीवर भागवा. त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका. दमलेल्या कानाला फक्त चुका ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी ऐका आणि एक जमलेली जागा व एक सुधारायची जागा वहीत लिहा.

७. तारखा देताना

दिवाळी पहाटेला पाच वाजता मंचावर बसायचे असेल, तर आदल्या रात्रीची तारीख घेऊ नका. हे लिहायला सोपे आहे. घरभाडे डोळ्यांपुढे असताना नाही म्हणणे कठीण जाते, मलाही जाते. पण एक आधार पंचांगातच आहे. गणपतीनंतर लगेच पितृपक्ष येतो, तारखा कमी असतात, आणि पुढे नवरात्रापासून पुन्हा धावपळ. या पंधरवड्यात आधी झोप भरून काढा, मग कान आणि गळा तपासून घ्या, वाद्य दुरुस्तीला द्या, आणि भरपूर ऐका. क्षयामुळे गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये माळव्यातल्या देवासला राहायला गेले आणि त्यांचे गाणे काही वर्षे बंद होते. माळव्याची लोकगीते त्यांनी मन लावून ऐकली ती याच काळात, आणि पुढे त्यांच्या रागरचनेत त्या धुना उतरल्या.

काम नसताना मन खचते, याचीही तयारी ठेवा. एका सहकलाकाराशी ठरवून टाका: आठवड्यातून एक फोन, कामाशिवाय. झोप उडाली, वाद्याला हात लावावासा वाटेना आणि हे दोन आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास विनामूल्य आहे. जीव नकोसा वाटू लागला तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच रात्री फोन करा.