एस्टोनियात कुणाला थांबवायचं असेल तर...

टालिनच्या ट्राममध्ये उतरायला वाट हवी, दुकानात काही विचारायचंय किंवा चुकून कुणाला धक्का लागला, तर तिन्ही वेळी एकच शब्द चालतो: ‘वाबांदुस्त’. जोर पहिल्या ‘वा’वर द्या. एस्टोनियन शब्दांत तो बहुधा पहिल्याच अक्षरावर असतो. जास्त अदब हवी असेल, तर ‘पालुन वाबांदुस्त’ म्हणा.

अनोळखी माणसाशी, विशेषतः वयस्करांशी, ‘वाबांदागे’ म्हणणं बरं. हे आपल्या ‘माफ करा’सारखं, तर ‘वाबांदा’ हे ‘माफ कर’सारखं, म्हणजे मित्रांसाठी. पुढचा प्रश्नही त्याच आदराने विचारावा: ‘वाबांदागे, कास ते रॅगिते इंग्लिसे केल्त?’ म्हणजे ‘तुम्हाला इंग्रजी येतं का?’

खरंच कुणाचं मन दुखावलं असेल, तर मात्र ‘आंदके आंदेक्स’ (जवळच्यांना ‘आन्ना आंदेक्स’) म्हणा. ते थेट क्षमा मागणं झालं, त्यामुळे ट्राममधल्या धक्क्यासाठी जरा जडच. समोरून ‘पोले मिदागी’ ऐकू आलं, की समजा, काही हरकत नाही. एवढ्यावर तिथे बोलणं संपतं. पुन्हापुन्हा ‘सॉरी, सॉरी’ करत बसलात, तर उगाच समोरचाच अवघडेल.