आधी पट्टी वाकवा, मग सॉफ्टवेअर उघडा

मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींच्या बायोडाटात सिम्युलेशनच्या, म्हणजे भाराखाली वस्तू कशी वागेल ते संगणकावर काढणाऱ्या, चार-पाच सॉफ्टवेअरांची नावं असतात. मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम बघते, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलं, तर ती किती वाकेल? परभणीचं कॉलेज असो की पुण्याचं, हे कागदावर काढून दाखवणारा उमेदवार मला हवा असतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या क्लासची फी भरायच्या आधी एवढं करून बघा.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी घ्या. वाइसमध्ये अशी पकडा की ५०० मिमी बाहेर राहील, आडवी, रुंद बाजू वर. आता गणित. आय, म्हणजे पट्टीच्या आकारामुळं येणारा ताठपणा: रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले १२, तो येतो २६०.४. पोलादाचा ई, म्हणजे धातूचा स्वतःचा ताठपणा, धरा २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. टोकाला १० न्यूटन भार दिला, तर भार गुणिले लांबीचा घन, भागिले ३ ई आय: उत्तर बरोबर ८ मिमी. पकडीपाशी ताण ४८ मेगापास्कल.

मग किराणा दुकानातलं एक किलोचं वजन टांगा. ते ९.८१ न्यूटन, म्हणजे ७.८५ मिमी यायला हवं. पट्टी स्वतःच्या वजनानंच दीडेक मिमी खाली आलेली असते, तेव्हा वजन टांगायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग घ्या आणि फरक काढा. बहुतेक वेळा तो ७.८५ पेक्षा जास्त निघेल. का, ते शोधण्यातच खरं शिक्षण आहे. आमच्या परभणीचे एक मिस्त्री मला म्हणाले होते, "ताई, पाचची म्हनून देतेत, पन पाच भरत नाही." व्हर्नियर लावा. जाडी ४.८ निघाली तर जाडीचा घन होत असल्यामुळं वाक १३ टक्क्यांनी वाढतो, साधारण ८.९ मिमी होतो. वाइसची पकडही थोडी देते. पुस्तकातलं 'फिक्स्ड' टोक वर्कशॉपमध्ये कुठंच नसतं.

हे झालं की लॅपटॉप उघडा. फ्रीकॅड फुकट आहे, त्यातच फायनाइट एलिमेंटचा, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करण्याचा, विभाग आहे. विंडोज असेल तर प्रीपोमॅक्स जास्त सोपं पडतं. दोन्हींच्या पोटात गणित करणारा सॉल्व्हर कॅल्क्युलिक्स. म्युनिकच्या एमटीयू या विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतल्या गिडो डोंट आणि क्लाउस विटिग यांनी तो लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याची इनपुट फाइल कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या अबॅकस या सॉफ्टवेअरसारखी असते, त्यामुळं इथं शिकलेलं पुढं कंपनीत वाया जात नाही.

कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत, ती तुम्ही सांभाळायची. लांबी मिमी, भार न्यूटन, ताण मेगापास्कल, तर घनता टन प्रति घन मिमीमध्येच द्यावी लागते: पोलादाला ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात. इथं गडबड झाली की स्थिर भाराचं उत्तर बरोबर येतं आणि कंपनांची वारंवारता भलतीच येते.

तीच पट्टी दोनदा सोडवा. एकदा चार नोडच्या (जोडबिंदूंच्या) टेट्राहेड्रॉननं, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांनी, एकदा दहा नोडच्या. पहिल्यात तुकड्यांची जाळी भरड असेल तर पट्टी उगाच ताठ होते आणि वाक ८ च्या बराच खाली राहतो. दुसऱ्यात ८ च्या जवळ येतो. रंगीत चित्र मात्र दोन्हींचं सारखंच देखणं दिसतं. ताण वाचताना पकडीच्या कोपऱ्यातला आकडा घेऊ नका, जाळी बारीक करत गेलात तर तो वाढतच जातो. ५० मिमी पुढं सरका, तिथं ४३.२ यायला हवा.

यानंतर पायथन आणि त्यातली नमपाय ही गणिताची लायब्ररी घेऊन एका बीम एलिमेंटचा छोटा प्रोग्राम स्वतः लिहा. पकडलेलं टोक वगळलं की दोन बाय दोनचं मॅट्रिक्स उरतं, आणि एकाच एलिमेंटमध्ये नेमकं ८ येतं. का येतं, ते सांगता आलं की फायनाइट एलिमेंटचा पाया पक्का झाला म्हणायचं. अडलं तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

संशोधनाकडं जायचं असेल तर गेट ही परीक्षा द्या. मेकॅनिकल, सिव्हिलशिवाय एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) नावाचा पेपर असतो, त्यात गणित सक्तीचं आणि सॉलिड मेकॅनिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स असे दोन विभाग निवडता येतात. आयआयटी मद्रास आणि दिल्लीत अप्लाइड मेकॅनिक्सचा वेगळा विभाग आहे. घरी पैशाची काळजी असतेच, म्हणून सांगते: गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात, आणि ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा दर २०२३ पासून ३७,००० आहे. तिसऱ्या वर्षातल्यांनी देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला जरूर अर्ज करावा.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं (मातीची सपाट छतं) कोसळली. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ मध्ये तो झोन ३ झाला. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर मातीचा थर धरा, घनता १६०० किलो प्रति घनमीटर: ९.६ टन माती डोक्यावर. गुरुत्वाच्या पाचव्या हिश्शाइतका आडवा धक्का धरला, तर १९ किलोन्यूटनच्या आसपास जोर, तोही मातीत रचलेल्या दगडांनी झेलायचा. अशी घरं आजही आपल्या गावांत उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. त्यांच्या भिंती स्वस्तात कशा बांधून धरायच्या, यावर काम करणारे हात आपल्याच भागातून यायला हवेत.

प्राध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा 'मला सिम्युलेशनची आवड आहे' एवढ्यावर थांबू नका. पट्टीचं एक पान जोडा: मोजलेली जाडी, हाताचं गणित, दोन जाळ्यांची उत्तरं, वाइसवरचं रीडिंग, आणि फरक का आला याच्या चार ओळी.