ट्रकच्या केबिनची सडलेली पेटी बदलताना

जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बहुधा आधी सडते ती दरवाज्याखालची पोकळ पेटी. चाकांनी उडवलेला चिखल आत साचतो, तळाची निचऱ्याची भोकं बुजतात आणि ओल महिनोन्‌महिने आतच राहते. गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

म्हणून रंगाकडे न बघता हातोडीने हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे पेचकस टोचा. बिजागऱ्यांच्या खांबाचा पाया आणि केबिन चासीवर बसते त्या रबरी माउंटिंगभोवतीचा पत्रा नीट पाहा. माउंटिंगभोवती चाळण झाली असेल तर दुरुस्तीआधी गाडी रस्त्यावर काढू नका.

गंजावरच नवा पत्रा चढवून रिबिटा मारणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि जुन्याबरोबर नवाही सडतो.

कापण्याआधी दरवाजा लावून चारही बाजूंची फट मोजा आणि लिहून ठेवा. चौकटीत आतल्या बाजूने २५ मिमी चौकोनी पाइपचे दोन तिरपे आधार टाक्यांनी, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी, जोडा. ते असे बसवा की दरवाजा टांगून पाहता येईल. पेटी कापली की खांब सरकतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही. या कामात सर्वांत महाग पडणारी चूक हीच. एका वेळी एकच बाजू उघडा, केबिनच्या तळाला जॅक लावू नका.

बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी सोडा. सीट, मॅट, वायरिंग, डिझेलचा पाइप बाजूला करा. अग्निशामक हाताशी हवा. सडक्या भागापलीकडे किमान २५ मिमी, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून भेग सुरू होते. पुठ्ठ्याचा नमुना कापून मग पत्रा कापा.

पत्र्याची जाडी चांगल्या जागी व्हर्नियरने मोजा. बाहेरच्या कातडीला साधारण २० गेज म्हणजे ०.९ मिमी, तळाला १८ गेज म्हणजे १.२ मिमी चालतो. माउंटिंगच्या पट्ट्या मूळ जाडीच्याच हव्यात. ‘जाड तेवढा मजबूत’ हा हिशेब इथे चुकतो: जोडाशी पातळ पत्रा जळतो, नंतर कडेने फाटतो. साधा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला कोल्ड-रोल्ड, पत्रा घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, वापरलाच तर जोडाजवळचं जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीत बाधतो.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तार वितळवणारं (मिग), ०.८ मिमी तारेचं. साध्या रॉडने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा लाटा धरतो. ३०-४० मिमीवर टाके मारा, एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला. मग दरवाजा टांगून फट लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. जुळली तरच वेल्डचे २० मिमीचे तुकडे जागा बदलत भरा, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. पाणी ओतू नका. आधी आतली मजबुती, मग बाहेरची कातडी. जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे वरच्याला ८ मिमीची भोकं पाडून त्यातून वेल्ड भरा. आतल्या पृष्ठांना वेल्डिंगला चालणारं झिंक प्रायमर आधीच लावा.

वेल्ड घासताना शेजारचा पत्रा पातळ करू नका. त्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलंट, आणि मगच लांबी, म्हणजे पुट्टी, तीही २ मिमीच्या आत. नुसत्या रेड ऑक्साइडवर भिस्त नको, ते ओल धरतं.

रंग वाळला की पेटीत लांब नळीने पोकळीचं मेण (गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स) फवारा. त्याऐवजी जळकं इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आहे. त्याने माउंटिंगचं रबर फुगतं. फवारल्यावर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पुन्हा.