वाळूत गाडी रुतली की आधी पाय उचला

नोव्हेंबरात इथली, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतली, हवा जरा माणसात आली की माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो. "दादा, शनिवारी मित्रांबरोबर वाळवंटात मुक्कामाला जायचंय, तंबू कुठला घेऊ?" कुठलाही घ्या. हायपरमार्केटातला स्वस्तातला चालतो. बारा-तेरा वर्षं शारजातून दर हिवाळ्यात वाळूत जातोय, तंबूपायी कुणाची सहल बिघडलेली मी पाहिलेली नाही. दुपारी तीनला रुतलेली गाडी रात्री आठपर्यंत उपसत बसलेली माणसं मात्र जवळजवळ दर खेपेला दिसतात. म्हणून हा लेख मुख्यतः गाडीबद्दल आहे.

जागा

पहिलीच खेप असेल तर अबू धाबीच्या दक्षिणेकडचं लिवा डोक्यातून काढून टाका. तिथे रब अल खालीची, म्हणजे खऱ्या महावाळवंटाची कड लागते. तल मोरीबसारखी जवळपास 300 मीटरची टेकडी आहे आणि चुकलात तर मदतीला यायला कुणी नाही. दुबई-हत्ता रस्त्यावरचं अल बदायर बरं. लाल वाळू आहे, पेट्रोल पंप आहे, माणसांची वर्दळ आहे. फक्त तिथल्या 'बिग रेड' टेकडीच्या पायथ्याशी तंबू ठोकू नका. रात्रभर क्वाड बाइक डोक्यावरून जातात, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. शारजातल्या मलेहाची बाजूही सुंदर आहे, पण तिथला फाया परिसर 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय. कुंपण दिसलं की मुकाट्याने वळा.

किमान दोन गाड्या, दोन्ही खऱ्या फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या. उंच दिसते म्हणून कुठलीही एसयूव्ही वाळूत चालत नाही. दुसरा मित्र ऐन वेळी गळला तर समुद्रावर जा. इन्शुरन्सच्या कागदात ऑफ-रोडचा उल्लेख आहे का, तेही निघण्याआधी बघून घ्या.

सामान: माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, फावडं, टायर गेज (हवा मोजायला), कॉम्प्रेसर (हवा भरायला), रिकव्हरीचा दोर (रुतलेली गाडी ओढायला), दोन शॅकल (दोर गाडीला जोडायचे पिनवाले लोखंडी आकडे), शेकोटीची लाकडं आणि त्याखाली ठेवायला पत्र्याचं घमेलं. बाकी तुम्हाला कळतं.

हवा

डांबर संपलं की थांबायचं आणि चारही टायरांतली हवा सोडायची. रस्त्यावर 33-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते, ती 15 वर आणायची. "आधी 20 ठेवून बघू, लागलं तर कमी करू" म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, आणि पहिला तोच रुततो. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो आणि लांबीला जास्त टेकतो. उंटाच्या तळव्यासारखा. गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटलं गेलं की ती वाळू फोडत नाही, तिच्यावरून तरंगत जाते.

हायवेवरून आलेला टायर तापलेला असतो आणि गेज दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवतं. रात्रभर गार पडल्यावर तोच टायर आणखी खाली जातो. म्हणून सकाळी निघण्याआधी पुन्हा मोजा. दहा-अकराच्या खाली जाऊन स्टिअरिंग जोरात फिरवलं तर टायर रिममधून निसटतो. आम्ही त्याला 'पॉप-आउट' म्हणतो. तो बसवायला लागणारा तासभर मैत्रीची परीक्षा घेतो.

चालवणं

फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाका आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून बंद करा. नाहीतर चढावर गाडीच इंजिनाची ताकद कापते. चढ सरळ चढा, उतार सरळ उतरा. टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि सौम्य चढाची असते. पलीकडची भुसभुशीत आणि 30 अंशांहून जास्त उताराची. त्या उतारावर गाडी आडवी झाली तर उलटते. आडवी व्हायला लागली की स्टिअरिंग उताराच्या दिशेने फिरवा आणि हलकं एक्सलरेटर द्या. मन ब्रेक म्हणेल, त्याचं ऐकू नका. माथा यायच्या आधी वेग कमी करा, पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. थांबायचं असेल तर ब्रेक न मारता पाय काढून गाडी थांबू द्या, आणि तोंड उताराकडे असेल अशीच जागा निवडा.

रुतली तर

रुतणार आहेच. मीही रुततो. पण रुतणं आणि गाडलं जाणं यात फरक आहे, आणि तो पहिल्या पाच सेकंदांत ठरतो.

2013 च्या डिसेंबरात बदायरच्या आत माझी जुनी पजेरो अशीच बसली. मागून सोलापूरचा मित्र ओरडतोय, "दाब, दाब, निघतीय!" मी दाबलं. चाकं गरागरा फिरली, वाळूचा फवारा उडाला, आणि गाडी लिफ्टमध्ये बसल्यासारखी खाली गेली. दरवाजा उघडला तर खालची कड वाळूला घासली. मग अडीच तास उपसा. फावडं एकच, म्हणून वहिनींनी कुकरचं झाकण हाती घेतलं. चाकांखाली मॅट सारल्या, त्या मागे भिरकावल्या गेल्या. एक अजून त्या टेकडीत कुठेतरी असेल.

तिन्हीसांजेला कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ झगा, घातलेले एक इमिराती गृहस्थ लँड क्रूझर थांबवून उतरले. आम्हाला वाटलं, आता दोर काढतील. त्यांनी खिशातून गेज काढलं, टायरला लावलं आणि इथल्या जुन्या लोकांना येते तशा हिंदीत विचारलं, "हवा बाईस? क्यूं?" आम्ही गप्प. त्यांनी काडीने व्हॉल्व्ह दाबून चारही टायर 12 वर आणले. आम्हा तिघांना चाकांच्या मागची आणि पोटाखालची वाळू काढायला लावली. मग स्टिअरिंग सरळ करून, आलो त्याच चाकोरीतून, अगदी हलक्या पायाने मागे घ्यायला सांगितलं. गाडी निघाली. दोर त्यांच्या गाडीतून बाहेर आलाच नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आणि सोबत येणाऱ्यांनाही मी तो मोडू देत नाही.

गाडी पुढे सरकायची थांबली की एक्सलरेटरवरून पाय उचला. त्याच क्षणी. फिरणारं चाक खड्डा खणतं, बाकी काही करत नाही. अजून इंचभर का होईना सरकत असेल तर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या कडांना नवी वाळू मिळते. थांबलीच तर रिव्हर्स टाका आणि स्वतःच्याच चाकोरीतून मागे या. ती वाळू तुमच्याच गाडीने दाबून घट्ट केलेली असते. हातभर मागे आली आणि अडली तर थांबा, पुन्हा पुढे घ्या, पुन्हा मागे. झोपाळ्यासारखं. चाक जागेवर फिरलं की तो प्रयत्न संपला असं समजा.

एवढ्याने नाही निघाली तर सगळ्यांनी उतरायचं, आणि चालवणाऱ्यानेही. आधी खाली वाकून बघा. गाडी पोटावर टेकली असेल तर वजन चाकांवर नसतंच, मग इंजिनाने किती जोर लावला तरी उपयोग नाही. पोटाखालची वाळू काढा, मग ज्या दिशेने निघायचंय त्या बाजूला चाकांपुढे लांब उतार करा. लोक इथे आळस करतात. चाकापुढे वीतभर खणतात आणि लगेच चावी फिरवतात. हातभर खणा. हवा 12 वर आणा, चाकं सरळ ठेवा, फोर लो (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग) टाका, माणसांना बाजूने ढकलू द्या. दहापैकी आठ वेळा दोर लागतच नाही.

उरलेल्या दोन वेळांबद्दल मी जरा आवाज चढवून बोलणार आहे. दोर टो बॉलला, म्हणजे मागच्या त्या गोल लोखंडी गोळ्याला, कधीही अडकवायचा नाही. तो ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटका खाण्यासाठी नसतो. रिकव्हरीचा दोर रबरासारखा ताणतो आणि सुटला की टोकाला जे लोखंड असेल ते घेऊन उडतो. त्याने माणसं मेलेली आहेत. गाडीला मुळातून दिलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच शॅकल लावा. गाडी बांधून नेण्यासाठी दिलेली बारीक कडी तो पॉइंट नव्हे. शंका असेल तर गाडीचं मॅन्युअल घरीच बघून या. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा, नाहीतर नंतर ती उघडत नाही. दोर जितका लांब, त्याच्या दीडपट अंतरावर सगळ्यांनी उभं राहायचं. व्हिडिओ काढणाऱ्यानेसुद्धा. रील काढायला दोन गाड्यांच्या मधे शिरलेल्या एका पोराला मी खांद्याला धरून बाहेर ओढलंय. तो रुसला, रुसू दे.

आणि सबखा. सखल भागात पांढरट, सपाट, चालवायला मोहक वाटणारी जमीन दिसली तर लांबूनच नमस्कार करा. वर मिठाचा पापुद्रा असतो, खाली चिखल. वाळूतून गाडी काढता येते. सबखातून काढायला दुसरी गाडी गेली की तीही बसते.

मुक्काम

ऊन उतरायच्या आत, चार-साडेचारला जागा धरा. अंधारात टेकड्या पार करू नका, हेडलाइटमध्ये चढ-उतार कळत नाही. गाड्या वाऱ्याच्या बाजूला आडव्या लावा, तंबू त्यांच्या आडोशाला. झोपण्याआधी बूट आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला, विंचू असतात.

लाकूड घरून आणा. तिथे दिसणारं गाफचं झाड तोडू नका, वाळलेली फांदीसुद्धा नको. ते या देशाचं राष्ट्रीय झाड आहे, आणि आपली शमी म्हणजे तेच. दसऱ्याला जिची पूजा करतो तिच्यावर कुऱ्हाड कशाला? शेकोटी घमेल्यात करा, राख परत आणा. प्लास्टिकची एकही पिशवी मागे राहू देऊ नका. उंट ती खातात, पोटात गोळा होतो आणि मरतात.

जेवणात ठेचा-भाकरी घरून, तिथे फक्त वांगी भाजा. पोहे परतायचे असतील तर झाकण ठेवून. वाऱ्याने वाळू आत गेली की दाण्याचा कूट आणि वाळू यातला फरक दातांनाच कळतो.

परतताना

पहाटे दाट धुकं असेल तर चहा घेत बसा. मात्र ऊन चढून वाळू तापायच्या आत निघा. रात्रीच्या दवाने दबलेली वाळू दुपारच्या वाळूपेक्षा कितीतरी घट्ट असते. डांबराला लागण्याआधी हवा भरा. 15 पीएसआयवर हायवेला शंभरने गेलात तर टायर तापून फुटतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडा, सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलात तर फ्यूज उडतो. चार टायरांना अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात एकाने खाली वाकून गाडीच्या पोटाला काही लोंबतंय का ते बघावं.

घरी आल्यावर एअर फिल्टर काढून झटका. मागच्या खेपेला माझ्या फिल्टरमधून मूठभर लाल वाळू निघाली. मुलाने ती बरणीत भरून ठेवलीय.